राजाराणीचे सहा चांदीचे चमचे मिळालेत, सेट फुटलेला आहे का?

शुक्रवारचा_बाजार

नमस्कार मंडळी, इथे जुन्या नाण्यांवर नि तांब्यापितळेच्या भांड्यांवर बरंच लिहिलं जातं म्हणून धीर करून विचारतोय. मी म्हापशाचा. जुन्या वस्तूंचा नाद शुक्रवारच्या बाजारातूनच लागला, आतापर्यंत समया, पानाचे डबे, एक मुका ग्रामोफोन असलं काय काय घरी आणून बायकोची बोलणी खाल्लीत, पण चांदीच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात हळदोण्याच्या ओळखीच्या एका आंटींनी बोलावलं, वय ८५च्या पुढे, मुलगी लिस्बनला असते आणि आता त्या कायमच्या तिच्याकडे चालल्यात म्हणून घर आवरायला काढलंय. त्यांचे सासरे इंग्रजांच्या वेळी नैरोबीला कारकून होते, तिथून आलेल्या दोन वस्तू मी घेतल्या.

एक निळ्या मखमलीची पेटी, आत चहाचे सहा चमचे, दांडीवर बारीक बारीक छाप आणि त्यात राजाराणीची तोंडं. दुसरा एक मोठा सोनेरी चमचा, वीतभरापेक्षा जास्त लांब, दांडीवर भरपूर नक्षी आणि वाटी मधोमध एका धारेने दोन भागांत वाटलेली, असला चमचा मी जन्मात पाहिला नाही. आंटी म्हणाल्या तो राजाचा चमचा, तो जास्त मोलाचा.

आमच्या शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेले तर त्याने एक चमचा कसोटीवर घासून सांगितलं की चांदी आहे पण आपल्या ताम्हणाच्या चांदीएवढी चोख नाही, काट्यावर सहा मिळून ८१ ग्रॅम भरले, आणि वर म्हणतो सहाही चमच्यांवर वेगवेगळे छाप आहेत म्हणजे हा फुटलेला सेट, सहा ठिकाणचे सहा गोळा करून कोणीतरी एका पेटीत कोंबलेत, मोडीत टाक आणि बायकोला पैंजण कर. बायको लगेच तयार! मी आंटींना मोडीच्या भावाने पैसे दिलेत. आता ठेवू की मोडू? आणि असल्या राजेशाही आठवणीच्या चांदीचा संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करतात?

खडूस_मडगावकर

मोडून टाका. चारशे वर्षं पोर्तुगालच्या राजाचं ओझं वाहिलं ते पुरे नाही झालं का की आता दुसऱ्याचे चमचे शोकेसमध्ये मांडायचे. पैंजण निदान वाजतील तरी.

भिंगवाले_काका

अहो थांबा थांबा, काही मोडू नका, आणि पहिलं काम म्हणजे त्या शेटच्या हातून चमचे काढून घ्या. कसोटीवर घासायचं ते दागिन्याला ठीक आहे, छापाच्या चांदीला नाही, तिची परीक्षा त्या छापातच लिहून ठेवलेली असते. मी फोंड्यात बसून गेली २०-२२ वर्षं हेच करतोय, बोटीवर नोकरीला असताना बंदराबंदरातून घेतलेले चमचे आहेत माझ्याकडे.

हे बघा, इंग्लंडात चांदीची वस्तू विकायला काढण्याआधी सरकारमान्य परीक्षा कचेरीत जायची, तिथे हजारात ९२५ भाग चांदी भरली तरच छाप. बाकीचा तांबं, कारण चोख चांदी मऊ, तिचा चमचा केला तर वाकतो. त्यामुळे शेट म्हणतो ती भेसळ म्हणजे लबाडी नव्हे, कायद्याने ठरवलेलं प्रमाण आहे ते. छाप साधारण असे बघायचे. चालणारा सिंह असेल तर ९२५ची खात्री. मग गावाची खूण. मग एक अक्षर, ते वर्षाचं. आणि कारागिराची आद्याक्षरं. अक्षराची गंमत म्हणजे ते दर वर्षी बदलायचं पण १ जानेवारीला नाही, प्रत्येक कचेरीचा आपापला दिवस, १९७५पासून सगळ्यांनी १ जानेवारी धरली. म्हणून जुन्या वस्तूवर एकच साल ठोकून सांगू नये, अमुक ते तमुक असं सांगावं.

नवीन माणूस दोन जागी हमखास फसतो. पहिली जागा, राणीचं तोंड दिसलं की ज्युबिलीची, म्हणजे राज्यारोहणाच्या महोत्सवाची, वस्तू म्हणून नाचणं. १७८४ ते १८९० इंग्रजी चांदीवर राजाचं किंवा राणीचं डोकं मारायचे ते कर भरल्याची पावती म्हणून, आपल्या स्टँपसारखं. व्हिक्टोरियाचं तोंड असलेला साधा आमटीचा डाव मी स्वतः ज्युबिलीचा समजून घेतलाय, हसू नका. दुसरी जागा ईपीएनएस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, तांबं निकेल जस्त. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४०मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मग घरोघरी 'चांदी' झाली. हे लोक मुद्दाम चौकटीत अक्षरं मारायचे, लांबून बघाल तर खऱ्या छापासारखंच वाटतं.

आता तुम्ही एक करा, मोबाईलला ते क्लोजअपचं सेटिंग असतं ते लावून उन्हात प्रत्येक चमच्यावरचे छाप नीट बघा आणि जसे दिसतात तसे इथे लिहा, अगदी मांजर दिसलं तर मांजर लिहा. पॉलिश, पावडर काही लावू नका. सोनेरी चमच्यावरचेही छाप बघा. मला थोडी शंका आहे पण आधी बोलत नाही.

माटोळीतलं_नारिंग

वाखु (वाचनखूण) साठवली! काका तुमचा प्रतिसाद माझ्या नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणतो आता तू पण भिंग घेऊन बस.

धागाकर्त्यांना सांगायचं म्हणजे नैरोबीची इंग्रज चांदी सोडा, आपल्याकडची पोर्तुगीज चांदीही बघत जा ना. आमच्या डिचोलीच्या घरी पणजोबांना कोणा भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, दिलेला एक पालितेरू आहे, म्हणजे जेवणानंतर दात कोरायच्या काड्या खोचून टेबलावर ठेवायचं चांदीचं शोभेचं बाहुलं, पोर्तुगीजांचं खास खूळ ते. आम्ही लहानपणी त्याला उदबत्तीचं घर म्हणायचो आणि खरंच उदबत्त्या लावायचो, आईने बघितलं तेव्हा पाठीत धपाटा. त्याच्या बुडाला इवलंसं रानडुकराचं डोकं आहे. मला वाटायचं कोणीतरी चेष्टा केलीय, पण १८८७ ते १९३७ पोर्तुगालच्या चांदीवर तोच सरकारी छाप होता, १९३८पासून गरुड आला. आणि त्यांची नेहमीची चांदी ९२५ नाही, ८३३ची, त्यामुळे आपला सोनार तिला अजूनच नाक मुरडतो.

राजेशाही म्हणाल तर १८९८ची नाणी शोधा, वास्को द गामाच्या प्रवासाला ४०० वर्षं झाली म्हणून लिस्बनने काढलेली, २००, ५०० आणि १००० रेइसची, राजा दों कार्लुश आणि राणी आमेलिया दोघांची तोंडं एकावर एक. ती चमचे-पेल्यांत मोडत नाहीत हे मान्य पण खरी राजेशाही आठवणीची चांदी तीच. त्यातला राजा पुढे १ फेब्रुवारी १९०८ला लिस्बनच्या चौकात थोरल्या मुलासकट गोळ्या घालून मारला गेला आणि १९१०मध्ये राजेशाहीच संपली, त्यामुळे पोर्तुगालच्या राजांची स्मारक चांदी तिथेच थांबते, इंग्रजांसारखं दर दहा-पंधरा वर्षांनी नवीन निमित्त नाही. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या तबकात व्हिक्टोरियाच्या रुपयाशेजारी दों कार्लुशचा गोव्याचा १९०३चा रुपिया असतो, दोन्ही सारख्याच वजनाचे, साडेअकरा ग्रॅमच्या वर. लक्ष्मीला काय, दोघेही सारखेच.

शुक्रवारचा_बाजार

काका, ताई, देव बरें करूं. रविवारी सकाळी अंगणात बसून अर्धा दिवस घालवला, शेजारचे विचारायला लागले काय हरवलं.

तर ऐका. सहाही चमच्यांवर एक गोष्ट सारखी आहे, एका चौकटीत दोन तोंडं, पुढे दाढीवाला, मागे बाई. बाकी प्रत्येकाची गावाची खूण वेगळी. पहिल्यावर मांजराचं तोंड (तुम्ही म्हणालात म्हणून लिहितोय, खरंच मांजर दिसतं). दुसऱ्यावर नांगर, म्हणजे बोटीचा नांगर हो, शेतातला नाही. तिसऱ्यावर मुकुट. चौथ्यावर तीन बुरुजांचा किल्ला, आणि त्याच्यावर चालणारा सिंह नाहीच, काटेरी फूल आहे. पाचव्यावर झाड आणि झाडाखाली चक्क मासा, वर पक्षीही असावा, सिंह आहे पण तो मागच्या पायांवर उभा. सहाव्यावर मध्ये तलवार आणि आजूबाजूला कसल्यातरी पेंढ्या. नांगरवाल्यावर अक्षर इंग्रजी के आहे.

सोनेरी चमच्यावर सिंह-बिंह काही नाही, दांडीमागे अक्षरं घासली गेलीत, त्यात एन आणि एस तेवढी लागतात.

म्हणजे शेट बरोबर होता ना, सहा जागचे सहा?

भिंगवाले_काका

सहा जागचे सहा, अगदी बरोबर. आणि म्हणूनच सेट पुरा आहे!

अहो मी खुर्चीतून उठलो वाचताना. मांजर म्हणजे बिबट्याचं डोकं, लंडन. नांगर बर्मिंगहॅम, समुद्र कुठे जवळपास नाही तरी नांगर. मुकुट शेफिल्ड. किल्ला एडिनबरो, तिथे तेव्हा सिंहाऐवजी ते काटेरी फूल ९२५ची खूण, म्हणून सिंह नाही तर खोटा असं समजायचं नाही. झाड, पक्षी, मासा आणि कुठेतरी एक घंटाही असेल बघा, ते ग्लासगो. तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या चेस्टर. त्या वेळी ब्रिटनमध्ये चांदी तपासणाऱ्या कचेऱ्या या सहाच होत्या, आणि कारागिरांनी मुद्दाम प्रत्येक कचेरीतून एक-एक चमचा छापून आणून असे सेट विकायला काढले. छाप हीच त्याची नक्षी. एकसारखे सहा असते तर रोजचे चमचे म्हणालो असतो.

आणि ती दोन तोंडं पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी, गादीवर बसून २५ वर्षं झाली त्याची रौप्यमहोत्सवी खूण. ६ मे १९३५ला सोहळा होता, ही खूण त्याच्या आगेमागे थोडीच वर्षं मारली, आणि ती सक्तीची नव्हती, ज्याला हवी त्याने मारून घ्यायची. बर्मिंगहॅमचा त्या मालिकेतला के म्हणजे १९३४चा मध्य ते १९३५चा मध्य, अगदी सोहळ्याच्या तोंडावरचा. पुढच्या जानेवारीत राजा गेलाच. चेस्टरची कचेरी १९६२ला आणि ग्लासगोची १९६४ला बंद पडली, म्हणजे सहा गावांचा असा सेट आता कोणी काढीन म्हटलं तरी निघणार नाही. शेटना माझा नमस्कार सांगा आणि पैंजणासाठी दुसरी चांदी बघा.

आता वाईट बातमी. सोनेरी चमचा ईपीएनएसच असणार, वर सोन्याचं पाणी. पण वस्तू मात्र मजेची आहे. तो इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या तेलाच्या चमच्याची नक्कल, मूळ चमचा १२व्या शतकातला, वाटी दोन भागांत कारण आर्चबिशप त्यात दोन बोटं बुडवून राजाला तेल लावतो. १६४९मध्ये राजाचं डोकं उडवलं आणि मुकुट-बिकुट सगळं वितळवलं, तेव्हा हा चमचा विकला गेला म्हणून वाचला, घेणाऱ्याने पुढे दुसऱ्या चार्ल्सला परत आणून दिला. म्हणजे तिथेही कोणीतरी 'मोडू नका' म्हणालंच असेल. २०२३च्या राज्याभिषेकातही तोच वापरला आणि तारीख बघा, ६ मे. प्रत्येक राज्याभिषेकाला याच्या नकला ढिगाने निघाल्या, चांदीच्याही निघाल्या पण मुलाम्याच्या जास्त. ठेवा, मोल फार नाही.

रापणीचो_वांगडी

काका +१. मलाही विचारून घेऊ दे. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एकाकडे चांदीचा मग आहे, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा, त्यावर २६ जून १९०२ कोरलंय, राज्याभिषेक झाला ऑगस्टमध्ये. तो म्हणतो चुकीच्या तारखेचा म्हणून दुर्मिळ आणि भाव दुप्पट. घेऊ?

भिंगवाले_काका

चांदीसाठी घे, तारखेसाठी नको. २६ जूनच ठरला होता, दोन दिवस आधी राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि सोहळा ९ ऑगस्टला गेला, तोवर सगळा माल जूनची तारीख घालून दुकानात पोचलेला. त्यामुळे जूनवाले ढिगाने मिळतात. हीच कथा आठव्या एडवर्डची. डिसेंबर १९३६मध्ये गादी सोडली, मुकुट चढलाच नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याच्या वस्तू दुर्मिळ, पण १२ मे १९३७च्या तयारीने कारखाने आधीच सुटले होते. तीच तारीख मग धाकट्या भावाला दिली. मगाच्या बुडाला काय छाप आहे ते आधी सांग, विकणारा काय सांगतो ते नंतर.

साखळीची_सून

सफाईबद्दल कोणी बोललंच नाही. आपल्या पावसाळ्यात चांदी चार महिन्यांत काळी पडते, त्याला हवेतला गंधक कारण आणि दमट हवा त्याला हातभार लावते. यूट्यूबवर ती अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याची युक्ती दाखवतात, काळं जातं खरं पण नक्षीच्या खोबणीतला जो मुद्दाम ठेवलेला काळपटपणा असतो तोही जातो आणि वस्तू दात घासल्यासारखी पांढरीफटक दिसते. पोकळ मुठीच्या सुऱ्या तर गरम पाण्यात अजिबात नको, आत राळ भरलेली असते. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात, मी सासूबाईंच्या अत्तरदाणीवर करून बसलेय आणि अजून त्यांना सांगितलेलं नाही. कोमट पाण्यात रिठा, मऊ जुनं धोतर, लगेच कोरडं करायचं, बस्स. रबरबँड आणि लोकर यांच्याजवळ ठेवू नका, दोन्हीत गंधक. मुलाम्याच्या चमच्याला तर घासूच नका, दोन दिवाळ्यांत खालचं पिवळट दिसायला लागेल.

आणि आफ्रिकेच्या घरांतून हस्तिदंती मुठीचे काटे-सुऱ्या निघतात, मोह होईल पण विकत घेऊ नका, आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. तसंच १००च्या वर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू आपल्याला परदेशी पाठवताच येत नाही, कायद्याने बंदी आहे. तुमचे १९३५चे त्यात येत नाहीत अजून.

खडूस_मडगावकर

सगळं वाचलं. चमचे चांगले आहेत हे मान्य, राजाबद्दलचं मत तेच आहे. पण एक विचारतो, तुम्ही त्या आंटींना मोडीचे पैसे दिलेत ना? आता कळलं की मोड नाही. मग?

भिंगवाले_काका

खडूसशी पहिल्यांदाच सहमत, तारीख लिहून ठेवतो. खूप मोठी किंमत नाही हो त्याची, लाखातली गोष्ट नव्हे, पण मोडीपेक्षा जास्त नक्की. पेटी मूळची असेल तर आणखी. आणि यापुढे संग्रहच करायचा असेल तर या खुणांच्या मागे लागा, १९३५, मग १९५३च्या राज्याभिषेकाची, १९७७, २००२, २०१२, २०२२ आणि २०२३, प्रत्येकाची वेगळी. मूर्तीपेक्षा पाठ बघायची सवय लागते.

शुक्रवारचा_बाजार

खडूसबाब, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप नाही लागली. काल संध्याकाळी पेटी घेऊन हळदोण्याला गेलो, मोबाईलवर काकांचा सगळा प्रतिसाद आंटींना वाचून दाखवला, अर्ध्याचं कोंकणी करत. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाल्या सासरे सांगायचे की साहेब विलायतेला परत जाताना पेटी देऊन गेला आणि ती घरात कधी वापरलीच नाही, पाहुण्यांना उघडून दाखवायची आणि बंद करायची. वरचे पैसे देऊ केले तर घेईनात, मुलगी म्हणते आधीच सामान जास्त झालंय. शेवटी थोडे घेतले, ते पण देवळाशेजारच्या पोदेराची (पाववाल्याची) उधारी राहिलीय म्हणून.

मग म्हणाल्या, बाबा, एक चमचा मला दे, लिस्बनला नेते, त्या घरातलं काहीतरी हातात असू दे.

काका, मला तुमचा चेहरा दिसला. सहा गावं, चेस्टर बंद, ग्लासगो बंद, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं आंटी मोठा सोनेरी न्या, तोच राजाचा. त्या म्हणाल्या तो नको, वजनदार आहे आणि तुम्हीच म्हणता खोटा. पेटी उघडून एकेक चमचा डोळ्यांजवळ धरून बघत बसल्या, मांजर बाजूला ठेवलं, किल्ला बाजूला ठेवला, आणि मासेवाला बघितल्यावर हसल्या, 'हो बांगडो न्हय रे?' म्हणून. तोच घेतला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

आज शेटकडे वेगळ्याच कामाला गेलो होतो, पेटी बरोबर होती म्हणून दाखवली. पाच चमचे आणि एक रिकामी खाच. म्हणतो, मी सांगितलंच होतं, फुटलेला सेट.

ग्लासगोचा एकटा चमचा कुठे दिसला तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.